अनवाणी पायांचा रोग

(गडमुडशिंगी, ता. करवीर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



समुद्राच्या पाण्यातून जखमेत शिरणाऱ्या जंतूंवर आज बोलायचे आहे, हे कळल्यावर गडमुडशिंगीतील काही मंडळींना नवल वाटले असेल. समुद्र येथून दूर, घाट उतरून गेल्यावर लागतो. या गावाचा संबंध ऊस, दूध, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील पाळ्या आणि पंचगंगेचा पूर यांच्याशी आहे; खाडी, होडी आणि जाळे यांच्याशी नाही. तरीही हा विषय येथे मांडण्यास कारण आहे. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे एक पाणी वैभववाडीकडे उतरून कोकणच्या खाड्यांना मिळते, आणि दुसरे कुंभीतून पंचगंगेला येते. दोन्ही पाण्यांत माणसे उभी राहून काम करतात आणि त्यांच्या हातापायांवर जखमा असतात. त्या जखमांचे पुढे काय होते हे पाण्याच्या खारेपणावर थोडेसे आणि त्या माणसाच्या समाजातील जागेवर पुष्कळसे अवलंबून असते.

प्रथम खाऱ्या पाण्याचे पाहू. विब्रियो व्हल्निफिकस नावाचा एक जंतू आहे. हा पटकीच्या जंतूचा भाऊबंद. ‘व्हल्निफिकस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच जखम करणारा असा आहे. उबदार, निमखाऱ्या पाण्यात, म्हणजे जेथे नदी समुद्राला मिळते अशा ठिकाणी, तो विशेष वाढतो. त्याची ओळख वैद्यकाला तशी उशिराच पटली. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा रोग्यांची माहिती एकत्र झाली आणि १९७९ मध्ये ३९ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दोन वाटा स्पष्ट झाल्या. काहींना हा जंतू कच्ची कालवे खाल्ल्यामुळे लागला होता. इतरांच्या कातडीवर जखम होती आणि ती समुद्राच्या पाण्यात भिजली होती, किंवा मासळी हाताळताना झाली होती.

या रोगाचा वेग भयंकर आहे. सकाळी पायाला शिंपला लागावा, संध्याकाळी पाय सुजून लाल व्हावा, जखम पाहता फार वाटावी इतकी ठणक लागावी, आणि दुसऱ्या दिवशी कातडीवर रक्ताळलेले फोड यावेत, असा त्याचा क्रम असतो. जंतू रक्तात उतरला तर योग्य उपचार मिळूनही निम्म्याहून अधिक रोगी दगावू शकतात. पाय वाचवायचा की माणूस, असा प्रश्न शल्यचिकित्सकापुढे उभा राहतो. यकृताचा विकार, मधुमेह किंवा दारूने पोखरलेले शरीर असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. अमेरिकेत या जंतूची बाधा दर वर्षी दीडशे ते दोनशे जणांना झाल्याची नोंद होते आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा मरण पावतो. आकडा लहान आहे, पण तो वाढतो आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावर जखमेतून होणाऱ्या बाधांची वार्षिक संख्या १९८८ मध्ये दहाच्या आसपास होती. २०१८ पर्यंत ती ऐंशीपर्यंत गेली, आणि रोगाची उत्तर सीमाही वर्षागणिक वर सरकत गेली. समुद्र तापतो आहे, हे त्याचे कारण.

हा आकडा अमेरिकेला सांगता येतो, कारण तेथे २००७ पासून विब्रियोजन्य रोगांची राष्ट्रीय पातळीवर नोंद घेतली जाते. भारतीय किनाऱ्यावरील पाण्यात आणि मासळीत हा जंतू संशोधकांना आढळला आहे. पाण्याची ऊब तर आपल्याकडे बारा महिने आहे. मग सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांत खडकांवरची कालवे फोडणाऱ्या बायका, चिखलात पाय रोवून तिसऱ्या वेचणाऱ्या म्हाताऱ्या, ससून डॉकवर पहाटेपासून कोळंबी सोलणाऱ्या आणि कोळंबीच्या काट्याने बोटे भोसकून घेणाऱ्या स्त्रिया, यांपैकी किती जणींचे हात या जंतूमुळे गेले? त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी वहीत स्वतंत्रपणे ठेवला जात नाही. ‘हात पिकला’ म्हणून हळद लावली जाते, ताप चढतो, आणि पुढे काही झालेच तर मृत्यूच्या दाखल्यावर रक्तदोष एवढेच लिहिले जाते. ज्या रोगाची मोजदाद नाही तो रोग नाही, असे शासनाचे अंकगणित आहे.

२००५ या वर्षाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. बरोबर चौतीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स बुडाले. कॅटरिनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच तेथील आरोग्य खात्याने २२ जणांना विब्रियो वर्गातील जंतूंची बाधा झाल्याचे नोंदविले. त्यांतील १८ जणांच्या बाबतीत जंतू जखमेतून गेला होता. पाच जण दगावले. मागे राहिलेले लोक कोण होते हे जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. ज्यांच्याकडे मोटार होती ते आधीच निघून गेले होते.

मुंबईत त्या ऑगस्टमध्ये जी साथ आली ती लेप्टोस्पायरोसिसची. हा जंतू समुद्राचा नाही. तो उंदीर, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडात वस्ती करतो, मूत्रावाटे बाहेर पडतो आणि गोड्या पाण्यात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो. मात्र माणसाच्या शरीरात शिरण्याची त्याची वाट तीच आहे: पायाची भेग, काट्याचा ओरखडा, चिखल्यांनी सोललेली बोटांमधली कातडी, किंवा डोळ्यांची आणि तोंडाची ओली त्वचा. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळ्यांची लाली ही सुरुवात होय. काहींना पुढे कावीळ होते, लघवी बंद होते, फुफ्फुसातून रक्त येते. जगात दर वर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा रोग होतो आणि जवळजवळ ५९ हजार मरतात, असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. (‘उंदीरताप’ असे त्याचे एक सुटसुटीत नाव रूढ आहे. या नावाची सोय अशी की सगळा दोष उंदरावर जातो; कचरा न उचलणारी नगरपालिका आणि बूट न देणारा कंत्राटदार दोघेही मोकळे होतात.)

मुंबईत आता दर पावसाळ्यात सूचना निघते. साचलेल्या पाण्यातून एकदाच चालला आणि अंगावर जखम नाही, तर धोका कमी. जखम असेल तर मध्यम. पुन्हा पुन्हा पाण्यातून जावे लागले तर अधिक. त्यानुसार बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घ्याव्यात, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना दुसरे औषध द्यावे, असे त्यात सांगितलेले असते. सूचना शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. परंतु तिचे पहिले वाक्य बहुधा ‘साचलेल्या पाण्यात जाणे टाळा’ असे असते. हे वाक्य कुणासाठी लिहिले आहे? गटाराचे झाकण काढून तुंबलेला कचरा हाताने ओढणाऱ्याला पाणी टाळता येत नाही. पाण्यात जाणे हीच त्याची नोकरी आहे. तो अधिक धोक्याच्या वर्गात जन्मभर असतो. त्यातही तो कंत्राटी असला तर महापालिकेच्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते. मुंबईतील अशा २७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात टिकण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

या रोगाचा इतिहास पाहिला तर तो जवळजवळ श्रमाचाच इतिहास आहे. १८८६ मध्ये जर्मनीत अडॉल्फ वाईल यांनी त्याचे वर्णन केले. त्याचा जंतू १९१५ मध्ये जपानात इनादा आणि इदो यांनी शोधला, तो क्यूशू बेटावरील कोळसा खाणींच्या परिसरात, कारण पाणी साचलेल्या खाणीत काम करणारे मजूर त्याने आजारी पडत होते. तो कातडीतून शिरतो हेही त्यांनीच प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. १९३१ मध्ये टेलर आणि गोयल यांनी अंदमानातील या रोगावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे रोगी म्हणजे जंगल तोडावयास लावलेले शिक्षेचे कैदी. अंदमान म्हटले की मराठी मनाला कोलू आठवतो. जंगलातल्या ओल्या मातीने किती कैदी नेले ते आठवण्याचा प्रसंग येत नाही. १९३४ मध्ये लंडनच्या गटारांत उतरणाऱ्या कामगारांत हाच रोग दिसला.

पण सर्वांत बोलका अध्याय उसाचा आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील श्रोत्यांना तो ठाऊक असायला हवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांताच्या उत्तरेस इंगहम नावाचे साखरेचे गाव आहे. १९३३-३४ च्या सुमारास तेथील ऊसतोड मजुरांना ताप आणि कावीळ होऊ लागली, काही मेले. तपासाअंती तो वाईलचा रोग ठरला. उसात उंदीर होते, पाल्यावर आणि सऱ्यांत त्यांचे मूत्र होते, आणि उसाच्या पात्याने चिरलेले हात-पाय त्या ओलीत दिवसभर भिजत होते. मजुरांनी एक साधी मागणी केली: तोडणीपूर्वी फड पेटवा, म्हणजे उंदीर पळतील, पाला जळेल. मळेवाले आणि कारखानदार यांनी साखरेचा उतारा घटण्याचे कारण पुढे केले. १९३४ मध्ये इंगहमला संप झाला आणि त्या भागात फड पेटविण्याचा हुकूम मिळाला. तो टिकला नाही. १९३५ मध्ये अधिक मोठा संप झाला. त्यात देशोदेशींचे स्थलांतरित मजूर होते, त्यांच्या स्त्रिया होत्या, आणि मजुरांच्या अधिकृत युनियनचे पुढारी मात्र संपाच्या विरोधात होते. आठवड्यांमागून आठवडे गेले, संप मोडला. तरीही प्रश्न मिटवता आला नाही, आणि पुढे फड पेटवून तोडणी करणे हीच तेथील रूढ पद्धत झाली. जीन डेव्हनी या लेखिकेने याच संपावर १९३६ मध्ये कादंबरी लिहिली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोल्हापुरात फड पेटवा, असे कुणी म्हणत नाही. उसाच्या आगीचा धूर आणि जमिनीची हानी सर्वांस माहीत आहे, आणि जळीत उसाला कारखाना कपात लावतो तेव्हा ती कुणाच्या माथी बसते हेही माहीत आहे. क्वीन्सलंडमध्येही यंत्राने तोडणी सुरू झाल्यावर हिरवा ऊस तोडण्याकडे वळण झाले. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, त्या मजुरांनी तापाला दैव म्हटले नाही. तापाचे कारण कामाच्या जागेत आहे, म्हणून उपायही कामाच्या जागेतच झाला पाहिजे, असे ते म्हणाले. मराठवाड्यातून येथे येणारा ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन फडात शिरतो तेव्हा त्याच्या पायात काय असते, हे कुठल्या करारात लिहिलेले आहे? दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाड या भात आणि उसाच्या पट्ट्यात १९९० च्या दशकापासून हा रोग शेतमजुरांत दिसत आला आहे. सह्याद्रीच्या या बाजूला उंदीर वेगळे आहेत असे समजण्यास आधार नाही.

आणि गोठा. गोकुळच्या दुधावर चालणाऱ्या या परिसरात पहाटे शेण-मूत काढणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात आणि पाय अनवाणी असतात. न्यूझीलंड हा दुधाचा देश. तेथे लेप्टोस्पायरोसिस हा गुराख्यांचा आणि दूध काढणाऱ्यांचा रोग म्हणून ओळखला गेला. १९८० च्या दशकात तेथे गाईंना आणि डुकरांना लस टोचण्याचा कार्यक्रम वाढला आणि माणसांतील रोग झपाट्याने उतरला. लस गाईला, आराम माणसाला! आपल्याकडे संकलन केंद्रावर दुधाची फॅट दर सकाळी मोजली जाते. दूध काढणारीच्या पायाच्या भेगा मोजणारे यंत्र मात्र अद्याप कुणी बसविलेले नाही.

आता पुराकडे यावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली; धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. या पाण्यात विब्रियो व्हल्निफिकस नव्हता; त्याला मीठ लागते, आणि पंचगंगेत मीठ नाही. पण जयंती नाल्यासारख्या नाल्यांनी आणलेले मैलापाणी होते, बुडालेले गोठे होते, मेलेली जनावरे होती, बिळांतून बाहेर पडलेले उंदीर होते. पाणी ओसरल्यावर खरा धोका सुरू होतो, कारण तेव्हाच माणसे चिखलात उतरतात. पत्रे, काचा, खिळे त्या चिखलात दडलेले असतात. गाळ काढणारे सफाई कामगार, जनावरांची प्रेते ओढणारे, आणि गावोगावहून आलेले तरुण स्वयंसेवक यांपैकी किती जणांच्या पायात गमबूट होते, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. धान्याच्या आणि कपड्यांच्या गाड्या पुष्कळ आल्या. बुटांची गाडी आल्याचे फारसे ऐकिवात नाही.

‘मजूर बूट घालीतच नाहीत,’ हे उत्तर ठरलेले असते. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते टाळू नये. भातलावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, चाल मंदावते, आणि अंगावर घेतलेल्या कामात चाल मंदावणे म्हणजे मजुरी बुडणे. बायकांच्या मापाचे बूट तर पुष्कळदा मागविलेलेच नसतात. म्हणून बुटांचा प्रश्न मजुरीच्या दरापासून वेगळा काढता येत नाही.

गोळ्यांचा प्रश्नही असाच आहे. पनामाच्या जंगलात शिकवणीस गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर एक प्रयोग झाला, तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत रोगाचे प्रमाण ०.२ टक्के राहिले, न घेणाऱ्यांत ४.२ टक्के. अंदमानातील पुढच्या प्रयोगात निकाल इतका लखलखीत नव्हता: गोळीने जंतूचा शिरकाव थांबला नाही, पण आजारपण आणि मृत्यू घटले. म्हणजे गोळी ही बुटाची जागा घेऊ शकत नाही. ती मोजक्या दिवसांची ढाल आहे, आणि ती वैद्यकीय देखरेखीनेच द्यायची. पण सैनिकाला जी ढाल चार दशकांपूर्वी मिळाली ती गाळ उपसणाऱ्या कामगाराला त्या दिवशीच, कामाच्या जागीच का मिळू नये? औषध स्वस्त आहे आणि सरकारी भांडारात असते.

मधुमेहाचा उल्लेख पुन्हा करायला हवा. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालच्या बाजूस, मेलिऑयडोसिस नावाचा आणखी एक रोग डॉक्टरांना सातत्याने आढळतो. त्याचा जंतू ओल्या मातीत असतो, पायाच्या जखमेतून शिरतो, आणि त्याचे बहुसंख्य रोगी शेतात राबणारे मधुमेही असतात. पुष्कळदा क्षय समजून त्यांना महिनोन्महिने भलतीच औषधे दिली जातात. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग ही समजूत जुनी झाली. खेड्यातील मजुराला तो असतो. त्याला तो आहे हे ठाऊक नसते, एवढाच फरक. साखरेच्या जिल्ह्यात रक्तातील साखर तपासून घेण्याची मोहीम पावसाळ्यापूर्वी व्हावी, यात विसंगती काही नाही.

राहता राहिला कायदा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तीत ज्या कामांत संसर्गाचा विशेष धोका आहे अशा कामांतून जडणारे जंतुजन्य रोग येत होते. जनावरे, त्यांची प्रेते हाताळण्याचे काम तर शब्दशः नमूद होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही यादी पुढे चालविली. म्हणजे गटारात किंवा पुराच्या गाळात काम करताना लेप्टोने गेलेल्या कामगाराच्या वारसाला भरपाई मागता येईल, एवढी फट कायद्यात आहे. अडते ते अन्यत्र. पहिल्या आठवड्यात साधी रक्तचाचणी पुष्कळदा नकारार्थी येते, कारण प्रतिद्रव्ये तयार व्हायची असतात. दुसरी चाचणी करायच्या आत रोगी मेलेला असतो किंवा पैसे संपल्याने घरी नेलेला असतो. दाखल्यावर ‘ताप, कावीळ, मूत्रपिंड निकामी’ असे येते. व्यवसायाच्या रकान्यात पुरुषाला ‘मजुरी’ आणि स्त्रीला ‘घरकाम’ लिहिले जाते, जरी ती स्त्री काल दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभी असली तरी. वकिलाच्या हातात पडण्यापूर्वीच खटला हरलेला असतो.

तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हाती घ्यायच्या गोष्टी बऱ्याच लहान आणि कंटाळवाण्या आहेत. ग्रामसभेत विचारावे: पंचायतीच्या सफाई कामगारांना, कायम आणि कंत्राटी दोघांनाही, बूट आणि हातमोजे किती, कोणत्या मापाचे, कधी घेतले, बिल दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे: डॉक्सिसायक्लिनचा साठा किती, लेप्टोच्या चाचणीसाठी रक्त कोठे पाठविले जाते, अहवाल किती दिवसांत येतो. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यास विचारावे: तोडणी टोळ्यांच्या करारात बुटांचे कलम का नाही. तापाचा रोगी दवाखान्यात नेताना तो गेल्या पंधरा-वीस दिवसांत कोणत्या पाण्यात, कोणत्या कामासाठी उतरला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. कोकणात नातेवाईक असणाऱ्यांनी हीच गोष्ट तेथे कळवावी: खाडीत किंवा मासळीवर काम करताना झालेली जखम काही तासांत सुजली आणि ताप आला, तर हळद लावून सकाळची वाट पाहू नये, आणि ‘खाऱ्या पाण्यात जखम झाली’ हे चार शब्द डॉक्टरांपुढे सर्वांत आधी उच्चारावेत. त्या शब्दांवरून औषध बदलते.

आणि गावात अशा तापाने कुणी गेलेच, तर सांत्वनाला जाताना एक कोरा कागद बरोबर न्यावा. शेवटचे पंधरा दिवस तो माणूस कोठे, कुणाच्या कामावर, किती रोजाने होता, मुकादम किंवा कंत्राटदार कोण होता, हे घरच्यांकडून विचारून, तारखांसह लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दिवस होईपर्यंत थांबू नये; तोवर मुकादम पुढच्या गावी गेलेला असतो.